काटासाहेब आणि लाल गाडीचे ब्रेक

सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातात आला की माणसं तो कपाळाला लावतात आणि खायला लागतात. आमच्या इमारतीतले पराते साहेब तो आधी तळहातावर दोनदा हलकेच उडवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "पस्तीस ग्राम." एवढ्यावर थांबले तर एक वेळ चालेल. पण मग त्यांची नजर शेजारच्या माझ्या द्रोणाकडे वळते. "मास्तर, तुमाले चाळीस देल्ले." यजमानीणबाईंचा चेहरा पडतो, माझ्या घशात शिरा अडकतो आणि साहेब शांतपणे आपले पस्तीस ग्रॅम संपवतात. त्यांची तक्रार काही नसते, आपलं कानावर घालून ठेवायचं.

साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, म्हणून सगळं त्रिमूर्ती नगर त्यांना काटासाहेब म्हणतं. नोकरी सुटली, पण खिशातलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन सुटलं नाही. भाजीवाल्याकडे गेले की आधी ते त्याच्या काट्यावर ठेवायचं. काटा खरं बोलला तर वांगी घ्यायची, नाहीतर भाजीवाल्याची शिकवणी घ्यायची. साहेब कोपऱ्यावर दिसले की आमच्याकडचे भाजीवाले उगीचच काटे पुसायला लागतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा चिक्कू आहे. मीही सुरुवातीला तेच म्हणायचो. मग एकदा मिरची आणायला त्यांच्याबरोबर भिवापूरला गेलो. येताना अर्ध्या रस्त्यात साहेबांनी मांडीवरची पिशवी उचलून पाहिली आणि मला गाडी वळवायला लावली. व्यापाऱ्यानं पावशेर मिरची जास्त घातली होती. ती परत करायला आम्ही भर उन्हात वीस किलोमीटर मागे गेलो. व्यापारी हात जोडून म्हणाला, "राहू द्या साहेब." साहेब म्हणाले, "काहून राहू देऊ? मापात घ्याचं, मापात द्याचं." हे त्यांचं ब्रीद. दिवसातून दहादा तरी ऐकायला मिळतं.

अशा माणसाच्या पार्किंगमध्ये लालभडक स्पोर्ट्स कार उभी असते, हे कोणाला सांगूनही पटत नाही. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. गाडी साहेबांची नव्हे, मिनूची. मिनू ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. पैसे साठवून साठवून तिनं ही जुनी गाडी घेतली आणि तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला स्वतः चालवत नागपूरला आणली. आम्ही वीसेक माणसं खाली जमलो. माझ्या हातात पेढा होता. मिनूनं डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, बसा. पहिली चक्कर तुमची."

साहेब बसले नाहीत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर टकटक केलं आणि विचारलं, "कितीले?" तिनं आकडा सांगितला. साहेबांनी गाडीचं वय विचारलं, किती चालली ते विचारलं, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर निकाल दिला. "दीड लाख जास्त देल्ले. तुले बनवलं वं मिने त्यानं."

मिनू वर गेली, पेढ्यांच्या डब्याशेजारी किल्ली ठेवली. "गाडी ठेवा, मोजत बसा," एवढं म्हणून ती संध्याकाळच्या रेल्वेनं पुण्याला गेली. मिनूची आई आदल्याच वर्षी वारली होती, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. दिवाळीला मिनूचा निरोप मला यायचा, "काका, बाबा बरे आहेत ना?" आणि साहेब मला जिन्यात गाठून विचारायचे, "पुण्याले पाऊस हाय म्हंते पेपरात?" मी दोन्हीकडचा पोस्टमन. दोघांचाही मला मनापासून राग यायचा.

गाडी मात्र साहेबांनी जपली. चालवता येत नव्हती, म्हणून दर रविवारी पाइप लावून धुवायचे. हॅन्डब्रेकही आपल्या हातानं गच्च ओढून ठेवला होता. यंदा मार्चमध्ये पार्किंगला रंग द्यायचा निघाला आणि आम्ही चौघं गाडी ढकलायला गेलो, तर ती तसूभर हलेना. मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उभ्या गाडीले पाणी कोन मारते, साहेब? डिस्कले गंज चढला, पॅड चिपकून बसले. ब्रेक गेले समजा."

त्या संध्याकाळी मीच नंबर लावून फोन साहेबांच्या हातात दिला.

"मिने, मी बोलून राहिलो."

"हं."

"तुया गाडीचे ब्रेक धरले."

मग मिनू म्हणाली, "बदलून घ्या. झाले की मी येऊन गाडी घेऊन जाते." आणि फोन ठेवता ठेवता, "पण बाबा, जास्त पैसे देऊ नका."

साहेबांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पाहिलं नव्हतं असं तेज आलं. मलाही बरं वाटलं. ब्रेक लागले की मिनू येणार, बापलेकीची गाठ पडणार. म्हटलं, आठवड्याचं काम आहे.

कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी कागद दिला तो लाखाच्या वरचा. पॅड नवे, डिस्क नव्या, पॅड धरणारे कॅलिपर नवे. साहेबांनी चष्मा पुसला. "डिस्क काहून बदलाची?"

टाय लावलेला माणूस म्हणाला, "सर, स्पोर्ट्स कार आहे."

"बरं. मंग या कागदात 'स्पोर्ट्स' या शब्दाचं वजन किती धरलं?"

टायवाला हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, चाक उतरवायला लावलं आणि डिस्कच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा त्या माणसाला वाचायला लावला. डिस्क झिजून इतकी पातळ झाली की बदला, असा तो आकडा. मग मोजून दाखवलं. "दीड मिलिमीटर माल शिल्लक हाय. वरचा गंज हाय फक्त. खरादच्या मशीनवर घासून घेतली का झालं. कॅलिपरले ग्रीस लावा. पॅड तेवढे बदलाचे, ते मी आनतो. अन् जुने पॅड मले द्या, ते माये हायेत." रसायनशास्त्र शिकवत माझं आयुष्य गेलं, पण इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी कधी घेतलं नव्हतं. गेल्या दहा वर्षांत माझ्या गाडीला किती नव्या डिस्क लागल्या ते आठवून मला वर्कशॉपमध्येच घाम फुटला.

तिथून जी वरात निघाली ती काही थांबेना. जुना पॅड साहेबांच्या पिशवीत कायम. तो बँकेत गेला, एका लग्नात अहेराच्या पाकिटाशेजारी बसला, आमच्याकडे आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही त्याचं दर्शन झालं. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा फोटो आणि नंबर पाठवून ठेवला. माझ्या गाडीतून आम्ही निम्मं नागपूर पालथं घातलं, तेही मे महिन्यात, एसी बंद पडलेला. एका दुकानात पॅड महाग, म्हणून नको. दुसऱ्यात स्वस्त, तरी नको. "इतका सस्ता काहून देऊन राहिला? माल दोन नंबरचा असन." मी वैतागून म्हणायचो, "साहेब, हजार-पाचशे इकडचे तिकडे, घेऊन टाका ना." ते माझ्याकडे असं बघायचे की जणू मी त्यांना लाच देऊ केली.

आणि दर रविवारी अकराला पुण्याहून फोन. साहेबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. मी बऱ्याचदा तिथेच चहा घेत असायचो. पॅडची जाडी, पॅडचा मसाला, ब्रेक ऑइल किती जुनं, कॅलिपरची पिन सरकते का. पाऊण पाऊण तास. दुसरा शब्द नाही. तब्येत नाही, नोकरी नाही, दसरा तर नाहीच नाही. मला वाटायचं, कसली ही माणसं! चार महिने ब्रेकवर बोलतात, त्यापेक्षा ब्रेक लावून टाका आणि समोरासमोर बसा.

जुलैत कॉलेजच्या प्रयोगशाळेचं एक पार्सल सोडवायला मी शहराबाहेर वाडीला गेलो. ट्रान्सपोर्टच्या गोदामाला लागून सुट्या भागांच्या ठोक व्यापाऱ्याचं दुकान होतं. पार्सलला वेळ होता, म्हणून त्याला फोनमधला फोटो दाखवला. त्यानं एका नजरेत ओळखलं. "हे? हे तर त्याच कंपनीच्या घरगुती गाडीचंबी पॅड हाय सर. माल एकच, डब्बे दोन. स्पोर्ट्सच्या डब्ब्यात घेतलं का तिप्पट."

मला अत्यानंद झाला. म्हटलं, आता काटासाहेबांना मीच शिकवणी देतो. तेवढ्यात तो म्हणाला, "मार्च महिन्यात एक साहेब नेऊन गेले ना हेच पॅड. पैसे देण्याच्या आंधी माया काट्यावर पितळेचं वजन ठेवलं. म्हने, काटा खोटा हाय तुया. मले सुधरवून घ्या लागला."

असं वजन घेऊन फिरणारे साहेब नागपूर जिल्ह्यात किती असतील?

रविवारी सकाळी मी तणतणत वरच्या मजल्यावर गेलो. मार्चमध्ये पॅड घेतले, आणि एप्रिल, मे, जून मला कढईत भाजलं! जे जे मनात होतं ते सगळं बोललो. साहेबांनी एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर उठले, कपाट उघडलं आणि पॅडचा डबा माझ्यासमोर ठेवला. सील तसंच होतं.

"पयल्याच हप्त्यात घेतले गा मास्तर."

"मंग लावले काहून नाही?"

ते खुर्चीत बसले. "ब्रेक लागले का मिनी येईन, गाडी घेऊन जाईन. मंग रविवारी अकरा वाजता मी काय करू?" मग पंख्याकडे पाहत म्हणाले, "मले दुसरं बोलताच येत नाई तिच्यासंग. चौतीस वर्षं लोकाईले काटा मारतानी पकडलं. अन् आता दर रविवारी मीच पोरीले काटा मारून राहिलो. म्हंतो, पॅड भेटूनच नाई राहिले."

माझा सगळा राग गेला. पेट्रोलचं बोलायचं राहिलं होतं, तेही राहिलंच. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि त्याच्यावर इतका वेळ ओरडलो याचं त्याहून जास्त.

अकरा वाजले. फोन वाजला.

"बाबा, पॅडची घाई नाही हं," मिनू म्हणाली. "आधी मागच्या डिस्क मोजून घ्या. आठ जागी. सकाळी गार असताना एकदा आणि दुपारी तापल्यावर एकदा."

"दोनदा?"

"दोनदा. आणि लिहून ठेवा. पुढच्या रविवारी मला सांगा."

साहेब मुकाट्यानं लिहून घेत होते. मी मात्र चक्रावलो. उन्हानं डिस्क जेवढी फुगेल तेवढं त्या व्हर्नियरवर दिसणारसुद्धा नाही. हे मला कळतं, तर इंजिनियर पोरीला कळत नाही? माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना रोग. मी बोलून गेलो, "मिनू, ठंडं-गरम काय मोजतेस वं? घरगुती गाडीचेच पॅड बसतात त्याले. वाडीत भेटतात. तुले माहीत नाही?"

मिनू हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही तिथेच आहात?" आणि मग, "माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी ब्रेकचंच काम करते काका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. चार महिने दोघांनी मिळून जे सांभाळलं होतं, ते मी एका वाक्यात मोडलं होतं. बोलायला ब्रेक होते, तेही आता उरले नाहीत.

साहेबांनी फोन तोंडाजवळ धरला. "मिने, त्या दिवशी तू म्हनली होती, बाबा बसा. मी बसलो नाई. किंमत इचारत बसलो. चुकलं वं मायं."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "शनिवारी येते बाबा. ब्रेक लावून ठेवा."

"हो."

"फोन ठेवू?"

साहेब 'हो' म्हणेनात. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. काहीतरी शोधत होते. मग घाईघाईनं म्हणाले, "मिने, वरनात मीठ किती टाकाचं वं? तुई आई गेली तवापासून बरोबर पडूनच नाई राहिलं."

"चार वर्षं झाली बाबा! विचारायचं ना." ती रडत होती की काय, कळेना. "अंदाजानं टाकायचं. चिमूट, दोन चिमूट."

"अंदाजानं म्हंजे किती ग्राम?"

मिनू हसली. मोठ्यानं, अडखळत, थांबतच नव्हती. साहेबांनी पुन्हा पेन उचललं. मी उठून चपला घातल्या, दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. दार लोटून घेतलं, तेव्हा ती त्यांना चिमूट कशी धरायची ते सांगत होती.