ब्लँक सोडा, अंदाज नको

बालाजी बिरादारशी बोलताना त्याच्या तोंडाकडे पाहू नये, उजव्या पायाकडे पाहावं. तुम्ही बोलायला लागलात की त्याचा चवडा जमिनीवर दाबला जातो. थांबलात की उचलला जातो. एखादा शब्द निसटला तर पाय डावीकडे सरकून एक ठोका देतो आणि बालाजी म्हणतो, "काकू, जरा मागे." आणि वरच्या मजल्यावरच्या श्यामलम्मा सुनेची कहाणी सुरू करतात तेव्हा पाय हळूच उजवीकडे जातो. म्हणजे 'पुढे पळव'. श्यामलम्मांना हे माहीत नाही. ईशान, मीरा, तुम्हीही सांगू नका.

तुम्ही दर वेळी फोनवर विचारता, "आजी, ते पाय आपटणारे अंकल कोण?" म्हणून एकदा नीट लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, ठाऊक आहे. लागू दे.

बालाजी आमच्या काचीगुड्याच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात राहतो. पंचेचाळिशीचा, एकटा. मूळचा बीदरकडच्या शेतकरी घरातला. अठरा वर्षं त्याने कुकटपल्लीच्या एका ऑफिसात तुमच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाईप केलं. तिकडचा डॉक्टर रोगी तपासून झाला की काय पाहिलं, काय दिलं, ते बोलून ठेवायचा. आमच्याकडे उजाडेपर्यंत ते बोलणं इथे पोचायचं. कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने ते चालवत, थांबवत, मागे घेत बालाजी उतरवून काढायचा. नोकरी सुटल्यावर पेडल ऑफिसात राहिलं, पाय घरी आला.

त्या ऑफिसात दोन नियम होते. पहिल्याच दिवशी सही घेतलेली, की ऐकलेलं कुणाला सांगणार नाही. आणि दुसरा, ऐकू आलं नाही तर ब्लँक सोडा, अंदाज नको. गोळी 'फिफ्टीन'ची की 'फिफ्टी'ची, यात अंदाज केला तर तिकडे माणूस जातो.

हा दुसरा नियम बालाजीने संसारातही आणला. म्हणूनच बहुधा संसार झाला नाही. एकदा मुलगी पाहायला गेला होता, मीही बरोबर होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" बालाजीने विचार केला आणि म्हणाला, "ब्लँक." वडील पोह्यांची बशी घेऊन आत गेले ते आलेच नाहीत.

"एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं?" मी रिक्षात चिडून विचारलं.

"काकू, पुढचं ऐकूच आलं नव्हतं ना."

तुमचे आजोबा म्हणायचे, "तारेवरून आलेलं काम तारेवरूनच जाणार." गेलंच. आधी मशीन टाईप करू लागलं आणि बालाजी ते तपासू लागला. "मशीनला ब्लँक माहीतच नाही, काकू," तो हताश होऊन सांगायचा. "ऐकू नाही आलं तरी ठोकून देतं. हिंमत बघा त्याची!" मग तपासायलाही माणसं कमी लागू लागली. आता बालाजी एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाईप करतो. त्यात ऐकायचं काही नसतं.

नारायणगुड्याच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. परदेशातून येणाऱ्या कामाने गरीब देशाचं कायमचं भलं होतं का, यावर मुलींकडून किती निबंध लिहून घेतले असतील! बाजूने तीन मुद्दे, विरुद्ध तीन मुद्दे, शेवटी सुवर्णमध्य. आज मला मुद्दे आठवत नाहीत, बालाजी आठवतो. त्या कामावर त्याची बहीण नर्स झाली, आई गावात पक्क्या घरात राहायला गेली. काम गेलं म्हणून बहिणीचं शिक्षण परत गेलं नाही. आणि याचा कानही गेला नाही.

मागे श्यामलम्मांना डॉक्टरकडे न्यायचं होतं, तेव्हा बालाजी वही घेऊन आला. डॉक्टर भराभर बोलत होते, हा उतरवत होता. एकदम पाय डावीकडे गेला.

"सर, जरा मागे. ही गोळी जेवणाआधी की नंतर?"

"आपण कोण? मुलगा?" डॉक्टर वैतागले.

"नाही सर, टायपिस्ट."

घरी येऊन त्याने सगळं वाचून दाखवलं. श्यामलम्मा म्हणाल्या, "इत्ते साल में पैली बार मालूम हुआ मेरेकू क्या बीमारी है." तेव्हापासून बिल्डिंगमधलं प्रत्येक म्हातारं माणूस डॉक्टरकडे जाताना बालाजीला बरोबर नेतं.

असा हा मोजकं बोलणारा माणूस एकाच विषयावर भरभरून बोलतो. 'आमचे साहेब'. हे तिकडचे एक म्हातारे डॉक्टर. अकरा वर्षं बालाजीने त्यांचा आवाज ऐकला, चेहरा कधी पाहिला नाही. साहेब आधी खाकरत. मधेच त्यांचा कुत्रा भुंके, की ते त्याला नावाने हाक मारून गप्प करत. आणि प्रत्येक फाईलच्या शेवटी ते म्हणत, "थँक यू, माय फ्रेंड, हूएव्हर यू आर." बाकी कुणी डॉक्टर असं म्हणत नसे.

"हे टाईप करायचं नसतं," बालाजी म्हणाला. "म्हणून मी तोंडानेच म्हणायचो, वेलकम, सर."

शेवटच्या वर्षी साहेबांचा श्वास वाक्याच्या मधेच संपू लागला होता. बालाजीच्या ते लक्षात आलं, पण सांगणार कुणाला? तेवढ्यात सगळं काम मशीनकडे गेलं. "ती शेवटची फाईल आहे हे माहीत असतं ना काकू, तर सावकाश टाईप केली असती."

परवा ईशान फोनवर म्हणाला की नव्या नोकरीसाठी तो गाव बदलतोय, आणि त्याने गावाचं नाव सांगितलं. फोन स्पीकरवर होता, बालाजी इथेच बसला होता. त्याचा पाय डावीकडे गेला. एकदा. पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. "काकू, मुलांना एक विचारता येईल? आमचे साहेब आहेत की... एवढंच."

मी कागद घेतला. डॉक्टरांचं नाव, गाव, अशा ओळी आखल्या. "हं, सांग. नाव?"

त्याचा चवडा उचललेला होता.

"ब्लँक," तो म्हणाला.

"अरे, आता ती नोकरीसुद्धा राहिली नाही!"

"सही राहिली ना, काकू."

गावही सांगेना; ईशानच्या नव्या गावाचं नाव ऐकून पाय का सरकला, तेही नाही. मी पेनाला टोपण लावत होते, तेव्हा तो दारातून मागे वळला. "कुत्र्याचं सांगितलं तर चालेल. त्याचं काही सहीत नव्हतं."

तो कागद सोबत पाठवते आहे. डॉक्टरांच्या नावापुढे रिकामी रेघ आहे, गावापुढे रिकामी रेघ आहे. खाली बालाजीने स्वतःच्या हाताने तिसरी ओळ लिहिली आहे: कुत्रा, बिस्किट. नक्की ऐकलेलं.