सुपडूभाऊंचा टॉवेल

आमच्या इतवाऱ्यातले सुपडूभाऊ रोज सकाळी कोणाच्या ना कोणाच्या मयतीला जातात. निदान बघणाऱ्याला तसंच वाटतं. खांद्यावर पांढरा टॉवेल, मान खाली, चेहरा पडलेला आणि पाय मात्र इतके भराभर, की तिरडी पुढच्या कोपऱ्यावरून वळली असावी. आमच्याकडे मयतीला जाताना टॉवेल घेऊन जायची रीत आहे. अग्नी दिला की तापीत बुडी मारायची आणि त्याच टॉवेलने अंग पुसून घरी यायचं. त्यामुळे भल्या सकाळी टॉवेल टाकून निघालेल्या माणसाला कोणी हटकत नाही. दूधवाला गाडी बाजूला घेतो, झाडणाऱ्या बाया झाडू थांबवतात.

हा माणूस मयतीला नव्हे, पळायला जातो, हे कळायला मला दोन बादल्या गार पाणी अंगावर घ्यावं लागलं.

झालं असं, की मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. सुपडूभाऊ समोरून निघाले. मी विचारलं, "सुपडूभाऊ, कोण गेलं?" त्यांनी न थांबता हात पुढे केला आणि निघून गेले. आता हात पुढे केला म्हणजे 'चल, वाटेत सांगतो' असाच अर्थ कोणीही घेईल. मी लग्नाला उशिरा पोचतो, दुकान उशिरा उघडतो, पण मयतीला माझा उशीर नाही. चहा तसाच ठेवला, टॉवेल घेतला आणि समोरच्या जगन हलवाईलाही हाक मारली. बिचाऱ्याने मावा जलेबीचा पहिला घाणा कढईत सोडला होता, तो तसाच टाकून आला. घाणा करपला, आणि त्याबद्दल तो अजून मला बोलतो.

आम्ही दोघं नदीवर पोचलो तर स्मशानात चिटपाखरू नाही. तिथला माणूस एकटाच झाडत होता. त्याने आमच्या खांद्यावरचे टॉवेल पाहिले, आमच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "किसको ला रहे?" जगन माझ्याकडे बघायला लागला. मयत अजून यायची असेल म्हणून आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी घरी आलो तर बायको दारातच उभी. स्मशानात पाय टाकला ना, मग घरात पाऊल नाही. मागच्या दारी आंघोळ झाली. मेलं कोणीच नव्हतं, पण विटाळ मला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन सुपडूभाऊंच्या मागे गेलो.

पण त्याआधी हा माणूस काय आहे ते सांगायला हवं. दापोऱ्याकडे केळीची बाग, गल्लीत पक्कं घर, साठीला टेकलेलं वय आणि तोंडात सदा एकच वाक्य, "चार लोकं काय म्हनतीन?" या चार लोकांच्या धाकात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. घरात नवा खराटा आणायचा तर तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणतील. जगनची जलेबी आवडते, पण दुकानासमोर उभं राहून खाणार नाहीत. बायकोशी भांडायचं तर आधी दार लावतील आणि मग हळू आवाजात भांडतील. त्यांचा आवाज चढलेला गल्लीने ऐकलेला नाही. एकदा त्यांच्यासमोरून बस सुटली. चार पावलं पळाले असते तर मिळाली असती. हे जागेवरच उभे राहिले, आणि बसला निरोप द्यायलाच आलोय अशा थाटात बघत राहिले.

ही चार लोकं आहेत तरी कोण, असं मी एकदा विचारलं होतं.

"त्यातला पयला तूच आहे, परकास," ते म्हणाले.

तर हा माणूस शहराबाहेर बहादरपूरच्या रस्त्याला लागला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पळायला लागला. कोपर अंगाला चिकटवून, ओठ घट्ट मिटून, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे न्यावा तसे. समोरून ट्रॅक्टर दिसला की लगेच चाल धरायची आणि टॉवेलने डोळे पुसायचे. ट्रॅक्टरवाला हात जोडून पुढे जायचा. तो दिसेनासा झाला की हे पुन्हा सुरू. मी स्कूटर अगदी जवळ नेऊन हॉर्न वाजवला. सुपडूभाऊ जागच्या जागी थांबले आणि सवयीने त्यांनी डोळ्याला टॉवेल लावला.

"मी आहे," मी म्हणालो. "आज कोण गेलं?"

"बागेत चाललो व्हतो."

"बाग तिकडे दापोऱ्याला. आणि दारात मोटारसायकल आहे ना?"

ते खाली बघत राहिले. मीही खाली पाहिलं, तर पायात पळायचे बूट. बूट मुळात पोपटी असावेत, पण त्यावर काळपट तपकिरी ओघळ आणि डाग. मला आधी वाटलं गटारात पाय गेला. नंतर ओळखलं, केळीचा चीक. ज्याच्या घरी केळी आहे त्याला सांगायला नको, हा डाग जन्मात निघत नाही. शेतकरी म्हणूनच बागेत जुनेच कपडे घालतो. सुपडूभाऊंनी कोरे करकरीत बूट बागेत नेऊन स्वतःच्या हाताने त्यांना चीक फासला होता. नवे बूट घालून चाललेल्या माणसाला चार लोकं विचारतात, कुठं चालला. चिकाच्या बुटाला कोणी विचारत नाही.

"कोनाले सांगजो नको," ते म्हणाले. मी शपथ घेतली आणि दोन दिवस पाळली.

पण टॉवेल पांघरून पळणं सोपं नव्हे. एकदा बहादरपूरच्या अलीकडे मागून एक टेम्पोवाला पोरगा आला. म्हातारा माणूस टॉवेल टाकून धापा टाकत चाललाय हे बघून त्याचा जीव कळवळला. "काका, बसा बसा! टाइम होऊन जाईन, मयत निकल जायेगी!" सुपडूभाऊ नाही नाही म्हणत होते, पण खरं कारण सांगायचं तर पळतोय हे कबूल करावं लागलं असतं. त्या भल्या पोराने त्यांना उलटं फिरवून थेट नदीवर सोडलं, आणि त्या दिवशी तिथे खरीच मयत होती.

आता टेम्पोतून उतरलेला माणूस परत कसा जाणार? सुपडूभाऊ थांबले. खांदा दिला. लाकडं रचू लागले. अग्नी दिल्यावर आमच्याकडे वडीलधारी माणसं श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतात. केस पांढरे, चेहरा घामाने डबडबलेला, श्वास लागलेला, इतकं दुःख झालेला दुसरा माणूस तिथे नव्हता, म्हणून यांनाच पुढे केलं. सुपडूभाऊ म्हणाले, "मानूस देवमानूस व्हता. कोनाच्या अध्यात नई, मध्यात नई. कधी आवाज चढवला नई." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काका, बाई होती." मग त्यांनी पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "बाई असून देवमानूस व्हती." लोकांना ते फार आवडलं म्हणे. तेराव्याचं आमंत्रण आलं आणि हे जाऊन जेवूनही आले.

हे त्यांनीच मला एका सकाळी त्याच रस्त्यावर सांगितलं तेव्हा मी स्कूटरवरून पडायच्या बेताला आलो होतो. ते मात्र हसले नाहीत. मी म्हणालो, "सुपडूभाऊ, उघड पळा ना! आजकाल सगळेच पळतात. शुगरवाले पळतात, बीपीवाले पळतात. तुम्हाला डॉक्टरने सांगितलं का?"

"डॉक्टरनं नई सांगितलं."

"मग कशापायी हा जिवाचा आटापिटा?"

रस्त्याकडेला कोणाच्या तरी बागेचा बांध होता. ते त्यावर बसले. टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या घड्या घालायला लागले.

"वैशूचं तुले आठवते?"

वैशू म्हणजे त्यांची मुलगी वैशाली. लग्न होऊन नाशिकला असते. मला आठवत होती ती शाळेतली, काटक, दप्तर पाठीवर आपटत गल्लीतून सुसाट जाणारी.

"शाळेत स्पर्धा व्हत्या," ते सांगू लागले. "मले मंडीत कोनीतरी म्हनलं, सुपडूभाऊ, तुमची पोरगी हाफ पँटमधी पळू रायली, समदं गाव पाहू रायलं. मी तसाच गेलो. ती सगळ्याच्या पुढं व्हती भो. सगळ्याच्या पुढं. म्या काठावरून हाक मारली. तिनं मले पाह्यलं अन् थांबली. मधातच थांबली. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या."

टॉवेलची घडी झाली होती. त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"मह्या खांद्यावर टॉवेल व्हता. तो तिच्या कमरेले गुंडाळला अन् गल्लीतून घरी आनली. तू ओट्यावर बसला व्हता. तू विचारलं, काय झालं वैशूले. आता काय सांगू? म्या म्हनलं, पाय मुरगळला."

"हो, आठवतं की."

"मुरगळला नव्हता, परकास. पन म्या तसं म्हनलं, तं पोरगी तिथून घरापावत लंगडत गेली. मही इज्जत राहावी म्हून. चांगल्या पायानं लंगडली."

 त्या संध्याकाळी माझ्या बायकोने हळद-चुन्याचा लेप गरम करून त्यांच्या घरी नेला होता, आणि वैशूने तो धडधाकट पायाला मुकाट्याने लावून घेतला होता. दुखतंय का विचारलं तर हो म्हणाली होती. त्यानंतर ती पळालेली कोणी पाहिली नाही.

मग मागच्या वर्षी घरच्या ग्रुपवर फोटो आला. नाशिकला कुठल्याशा शर्यतीत वैशू पळाली होती. कडेवर पोर, गळ्यात मेडल, चेहरा उन्हाने लाल. सगळ्या नातेवाइकांनी टाळ्या, फुलं, अंगठे टाकले. सुपडूभाऊ फोटो उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे.

"फोनवर मी तिले काय विचारतो? पानी पडलं का. जेवली का. दुसरं तोंडातून निघतच नई. चुकलं म्हनावं तं घशात अटकते. म्हून म्हनलं, आखाजीले ती येईन, तं तिच्यासंगं पळावं. इतवाऱ्यातून बहादरपूरपावत. मधात थांबायचं नई."

"आणि टॉवेल?"

"तेच तं," सुपडूभाऊ म्हणाले. "बहादरपूरपावत पळनं जमते आता. टॉवेल सुटत नई."

इतका शरमलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला त्यांची चेष्टा करायची फार हौस, पण त्या दिवशी मी स्कूटर ढकलत त्यांच्यासोबत चालत घरी आलो.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात; घराघरांत पितरांच्या घागरी भरतात, आमरस होतो, झाडाला झोके बांधले जातात. सुपडूभाऊंनी नाशिकला फोन केला. पाऊस विचारायची सोय नव्हती, ऐन उन्हाळा. जेवलीस का विचारलं. मग म्हणाले, "येतानी बूट आनजो."  वैशू नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. हे "बरं" कसलं होतं, रागाचं की कसलं, याचा विचार करकरून सुपडूभाऊंची झोप उडाली. तिने बूट आणले नाहीत तर? आणले आणि म्हणाली, आता कशाला? दर सकाळी ते मला हेच विचारायचे आणि मी दर सकाळी म्हणायचो, आणेल हो.

आखाजीच्या दिवशी मी उजाडायच्या आत ओट्यावर येऊन बसलो. समोर जगनने कढई चढवली होती. सुपडूभाऊंचं दार उघडलं आणि वैशू बाहेर आली. केस वर बांधलेले, टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतची पँट आणि पायात बूट. दारात सडा टाकणाऱ्या बायांचे हात थांबले. तिच्यामागून सुपडूभाऊ आले. पायात चिकाचे बूट, खांद्यावर टॉवेल.

ते उंबऱ्याशीच अडकले. गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी कपात तोंड घातलं.

वैशूने तो टॉवेल पाहिला.  सुपडूभाऊंचा चेहरा असा झाला, की आता हा माणूस मागे फिरून दार लावून घेणार.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आज जर पाय मुरगळला, तर लंगडायचं तुम्ही हं."

सुपडूभाऊंनी मान हलवली. हलवतच राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून, त्याने तोंड पुसून, तो माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "सांभाळजो."

आणि दोघं पळायला लागले. भर गल्लीतून. ती सहज, हे कोपर चिकटवून. ती दर चार पावलांनी त्यांच्यासाठी हळू होत होती. जगनने झारा हातात घेऊनच दुकानाबाहेर उडी मारली. त्याला माझ्या नादाने एकदा फुकटची आंघोळ घडली होती, पण सुपडूभाऊ एवढ्या जोरात पळतायत म्हटल्यावर त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"ओ सुपडूभाऊ! कोण गेलं?"

सुपडूभाऊ थांबले नाहीत. मागे वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "कोनी नई गेलं! पोरगी आली मही!"

त्यांचा आवाज एवढा मोठा आहे, हे इतवाऱ्याला तोवर माहीत नव्हतं.