स्वेटर घातलेले डबे

ढोबळे मास्तर डब्यांना स्वेटर घालायचे. स्वतः थंडीत बनियनवर फिरत आणि स्टीलच्या डब्याला मात्र लोकरीचा स्वेटर, वर कानटोपी. आमचं घर लागून, म्हणून मला सगळं दिसे.

हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवून ते रिटायर झालेले. तोंडी एकच वाक्य, "वहिनी, घाई असन तर ऊब द्या." माझी डाळ शिजत नसली तरी हेच, जावई वेळेवर येत नसला तरी हेच.

त्या हिवाळ्यात त्यांच्या घरातून आंबूस वास यायला लागला. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. झाकलेलं भांडं दिसलं की आम्ही आधी नाक पुढे करतो. मी चार दिवस पाळत ठेवली. मास्तर घड्याळ बघत, झाकण उघडत, वास घेत आणि वहीत लिहीत. सज्जन माणूस वास घेऊन लिहितो कशाला? त्यांची बायको सुमन लकव्यानं खाटेवर, वाचा गेलेली. म्हटलं, ती तिथं पडली आणि हा इथं मोहाची दारू काढतो. भरदुपारी सरळ आत घुसले.

"काय करून राह्यले मास्तर? पोलिसाले बोलावू?"

"बोलवा. पण पहिले चव घेजा."

पाच डबे होते, प्रत्येकावर चिठ्ठी: जाडं पीठ, बारीक पीठ, ताक दुप्पट, चुलीजवळ, कालचं विरजण चमचाभर. शेजारी प्रत्येकातली थोडी शिजवून वाटीत काढलेली. ज्वारीची आंबील!

"बारीक पीठ लवकर आंबते, जाडं हळू. ताक वाढवलं, ऊब देली, का आंबणं धावते. हे मले सारं समजते. तिच्या माहेरची आंबील कशी लागे, तेवढं नाई समजत. पस्तीस वर्षं ती करून खाये, मी कधी तोंडाले लावली नाई. आता ती काहीच खात नाई, वहिनी."

मी चाखल्या. "ही पाणचट. ही तोंड वाकडं करते. ही द्या."

"तिनं थुंकली तर?"

"तर उद्या आणखी करा."

सुमननं पहिला चमचा बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला. मग तोंड उघडलं.

मास्तर वाटी धरून तिच्याकडे बघतच बसले.

"मास्तर," मी म्हटलं, "दुसरा चमचा द्या ना. तोंड उघडून बसली ती."