ड्युरबेकबाईंच्या गाडीची मूळ स्थिती

या जगात सत्य फक्त एकास त्रेचाळीस या प्रमाणातच टिकून राहतं, असं आमच्या मंडळाच्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलेलं आहे. दुसऱ्या कलमात, सभेतल्या बिअरचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत, असं आहे. मंडळात आजवर जेवढी भांडणं झाली ती सगळी दुसऱ्या कलमावरून झाली. पहिल्याबद्दल कुणालाच कधी शंका आली नाही.

मंडळाचं नाव 'नॉयनवाइहर व पंचक्रोशी लघुवाहन मित्रमंडळ (नोंदणीकृत)'. कंसातला शब्द बोलतानाही उच्चारायचा असतो. दर गुरुवारी 'काळं अस्वल' या खानावळीच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो, पांढरे सुती हातमोजे घालतो आणि खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या, जस्ताच्या ओतीव छोट्या मोटारी एकमेकांना दाखवतो. त्यांना 'नमुना' म्हणतात. 'खेळणं' म्हणणाऱ्याला सगळ्यांना बिअर पाजावी लागते. खोक्यातून काढला की नमुन्याची किंमत निम्मी होते, त्यामुळे बरेच सभासद नुसती बंद खोकी घेऊन येतात आणि आत काय आहे ते तोंडी सांगतात. अध्यक्ष ओटमार हेलरिख हे निवृत्त मुख्याध्यापक. चिटणीस रायमुंड श्लेगेल यांचं औषधांचं दुकान आहे. माझ्याकडे भिंग सांभाळण्याचं काम आहे.

कुनिगुंडे ड्युरबेक या बाई कार्प मासे विकतात. कार्प आमच्या फ्रांकोनिया प्रांतातल्या तळ्यांतला. उभा अर्धा कापायचा, शेपटीसकट तळायचा आणि बटाट्याच्या सॅलडबरोबर खायचा. नाताळच्या आधीच्या शनिवारी जिल्ह्याच्या शहरातल्या बाजारात बाईंची वर्षाची निम्मी विक्री होते. तो शनिवार हुकला तर तळ्याचं भाडं निघत नाही. मासा जिवंत न्यावा लागतो, म्हणून बाईंच्या वडिलांनी फार पूर्वी पाण्याची टाकी बसवलेली एक गाडी बांधून घेतली होती. बाई ती अजून चालवतात. यंदा शहराने जुन्या डिझेल गाड्यांना मध्यभागात बंदी केली. अपवाद फक्त ऐतिहासिक वाहनाची पाटी असलेल्या गाडीचा. अशी गाडी कितीही धूर सोडू शकते, कारण तो धूरही ऐतिहासिक असतो.

पाटी मिळण्यासाठी गाडी मूळ स्थितीत असल्याचा दाखला लागतो. तो देणारे तपासनीस अभियंता बुर्गहार्ट नॉयबर यांनी समकालीन पुरावा मागितला. गाडी बांधणारा कारखाना कधीच बंद पडलेला. बाईंनी घरातला एकुलता एक जुना फोटो नेला. त्यात वडील गाडीपुढे उभे आहेत, आणि ते अंगाने चांगलेच भरलेले असल्याने गाडीचा फक्त उजवा आरसा दिसतो. नॉयबरांनी आरसा मूळ असल्याचं तत्काळ मान्य केलं. उरलेल्या गाडीसाठी पुरावा आणा म्हणाले.

म्हणून त्या गुरुवारी बाई 'काळं अस्वल'मध्ये आल्या.

"अध्यक्षसाहेब, माझ्या गाडीचं ते खेळणं तुमच्याकडे आहे म्हणे."

सगळ्यांसाठी बिअर मागवण्यात आली. बाईंनी पैसे दिले आणि पुन्हा विचारलं, "बरं, नमुना. आहे का?"

होता. गावातल्या खेळण्यांच्या कारखान्याने बाईंच्या वडिलांची गाडी पाहून तो एकेकाळी काढला होता. हेलरिख यांनी कापसात ठेवलेली गाडी दोन बोटांनी उचलली आणि मी भिंग धरलं.

"ही तर पिवळट आहे," बाई म्हणाल्या. "आमची हिरवी. पहिल्यापासून हिरवी."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? त्या गाडीत मी लहानाची मोठी झाले, हो!"

"ड्युरबेकबाई," अध्यक्ष वर्गातल्या मागच्या बाकाला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "आठवण हा पुरावा नव्हे. हा पुरावा आहे."

कारखान्याकडे रुग्णवाहिकांचा पिवळा रंग उरला होता आणि तो त्यांनी इथे संपवला, हे मंडळात सर्वांना माहीत आहे. पण तीही आठवणच. गाडी पिवळी करण्यात आली.

पुढच्या गुरुवारी गाडीच्या बाजूवरच्या चित्राचा विषय निघाला. खऱ्या गाडीवरचा कार्प तोंड पुढे करून पोहतो. नमुन्यावर तो शेपटी पुढे करून पोहतो, कारण कारखान्यातल्या कुणीतरी कागद उलटा चिकटवला.

"ही चूक आहे," बाई म्हणाल्या.

"चूक आहे म्हणून तर किंमत आहे!" श्लेगेल उठून उभे राहिले. "सुलट माशाची गाडी कोण विचारतं?"

"मासे विकत घेणारे विचारतात."

"ते आपल्या कार्यक्षेत्रात येत नाहीत," असं इतिवृत्तात नोंदवण्यात आलं आणि मासा उलटा रंगवण्यात आला.

मग दारं आली. नमुन्याची दारं उघडत नाहीत. दार आहे असं समजायला एक रेघ आहे. म्हणून खऱ्या गाडीची दारं वेल्डिंग करून बंद करण्यात आली आणि त्यावर रेघ ओढण्यात आली. नमुन्याच्या खिडक्यांना काच नाही, ही मात्र सोय झाली. बाई खिडकीतून आत जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी अध्यक्षांनी आणि चिटणीसांनी त्यांना मागून रेटलं.

"हात कुठं लावताय, मुख्याध्यापक?"

"जिथे आधार मिळतो तिथे, बाई!"

"आधार मला हवाय, तुम्हाला नव्हे!"

चौथा विषय नाजूक होता. जुन्या जस्ताला एक रोग लागतो. तो आतून फुगतो आणि तडकतो. मंडळाच्या नमुन्याच्या डाव्या मडगार्डला असा तडा गेला होता. हा तडा मूळ स्थितीत धरावा की नाही, यावर तट पडले. एका सभासदाने दुसऱ्याला 'रंगारी' म्हटलं, म्हणजे जुन्या नमुन्याला नवा रंग फासणारा; ही आमच्याकडची सगळ्यांत मोठी शिवी आहे. अखेर मतदान झालं आणि एका मताने तडा मंजूर झाला. ते मत माझं होतं. भिंगातून तो फार सुंदर दिसतो.

"हे काम मीच करते," बाई म्हणाल्या. "द्या तो हातोडा. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही जरा लांब उभे राहा. माझा नेम लहानपणापासून वाईट आहे. तीही आठवणच, पण सांभाळून असलेलं बरं."

डिसेंबर उजाडला. नॉयबर पाहणीला आले. त्यांनी नमुना पट्टीने मोजला, प्रत्येक आकड्याला त्रेचाळीसने गुणलं आणि समाधान व्यक्त केलं. मग त्यांनी नमुना उलटा केला, खाली पाहिलं, आणि बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं.

"हे काय आहे?"

"इंजिन," बाई म्हणाल्या.

"नमुन्यात दिसत नाही."

"अहो, नमुन्याला पोरं ढकलायची!"

श्लेगेल यांनी बाईंना बिअरची आठवण करून दिली. नॉयबर म्हणाले की इंजिन ही उत्तरकालीन भर असावी. ते काढलं तर दाखल्याला अडचण राहणार नाही. इंजिन काढण्यात आलं. इंजिन नसलेली गाडी डिझेलची राहत नाही आणि तिला शहराची बंदीही लागू होत नाही, हे चिटणीसांच्या लक्षात आलं होतं असं ते नंतर म्हणाले. परंतु तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

"मग गाडी बाजारात जायची कशी?" बाईंनी विचारलं.

"ट्रकवर ठेवून. नवा ट्रक आहे, कमी धुराचं हिरवं स्टिकर आहे, थेट चौकापर्यंत जातो," अध्यक्ष म्हणाले.

"मग त्याच ट्रकवर माझी टाकी ठेवू या की! मासे जातील, मी जाईन, झालं."

अध्यक्षांनी हातमोजे काढले. ते फार दुखावले की हातमोजे काढतात. "आणि गाडीचं काय, बाई? इतके गुरुवार आम्ही घालवले, ते मासे नेण्यासाठी?"

बाईंना खरं तर होच म्हणायचं होतं. पण शनिवार चार दिवसांवर आला होता, दाखल्यावर सही व्हायची होती, आणि इंजिन अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं. माणूस एवढं सोसून बसला की उरलेलं थोडंच वाटतं.

उरल्या होत्या दोनच बाबी. नमुन्याच्या टाकीचं झाकण उघडतं आणि आत मासे दिसतात. ते दोन आहेत.

"टाकीत दोनशे मासे मावतात," बाई म्हणाल्या.

"पुराव्यात दोन आहेत," नॉयबर म्हणाले. "तिसरा मासा मी कशाच्या आधारावर मान्य करू?"

दुसरी बाब म्हणजे नमुन्यात चालक आहे. तो चिकटवलेला आहे, त्याच्या डोक्यावर टोपी आहे, आणि कमरेखाली त्याला काही नाही. यावर बराच ऊहापोह झाला. कमरेखालच्या भागापुरती शिथिलता देण्यास नॉयबर तयार झाले, मात्र तो भाग घोंगडीने झाकावा आणि पाहणी चालू असेपर्यंत चालकाने जागा सोडू नये, अशी अट घातली. बाईंनी वडिलांची टोपी घातली आणि खिडकीतून आत गेल्या.

शनिवारी सकाळी बाजारचौकात ट्रकवरून गाडी उतरवली. महापौर आले, पितळी वाद्यांचा ताफा आला, भाजक्या सॉसेजच्या टपरीसमोरची रांग मोडून माणसं आली. नॉयबरांनी एकदा शेवटचं गाडीभोवती फिरून पाहिलं. रंग पिवळा, मासा उलटा, दार बंद, तडा योग्य जागी, इंजिन नाही, मासे दोन, चालक एक. त्यांनी सहीसाठी पेन उघडलं, आणि श्लेगेल खाकरले.

"साहेब, खोकं राहिलं."

खोक्याशिवाय मूळ स्थिती नसते, हे नाकारणारा माणूस आमच्या मंडळात सापडणार नाही. सुदैवाने श्लेगेल यांनी तयारी ठेवली होती. कपाटांची खोकी करणाऱ्या कारखान्याकडून त्यांनी मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून आणलं होतं. पुढे पारदर्शक कागदाची खिडकी, वर झाकण, झाकणावर मंडळाचं सील. खोकं गाडीवर चढवलं तेव्हा दोन्ही बाजूंना बोटही शिरणार नाही इतकं ते नेमकं बसलं. टाळ्या झाल्या. नॉयबरांनी सही केली. दाखल्यात एकच तळटीप होती: सील तुटल्यास दाखला रद्द.

मग पाटी खोक्याला लावण्यात आली. ड्युरबेकबाईंची गाडी आता कायद्याने शहराच्या कोणत्याही भागात जाऊ शकत होती.

तेवढ्यात जाळीची पिशवी घेतलेल्या एक म्हाताऱ्या आजी गर्दीतून पुढे आल्या.

"कुनिगुंडे, एक कार्प दे गं. मध्यम."

अध्यक्षांनी आजींना बाजूला घेतलं. "आजी, एक दिला तर एकच उरेल."

"मग दोन्ही देऊन टाक म्हणावं."

"मग एकही उरणार नाही."

"अहो, विकायलाच आणलेत ना?"

"आजी, हे दुकान नाही. हा वारसा आहे."

"वारसा तळता येतो का?" आजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या पलीकडच्या सुपरमार्केटमध्ये शिरल्या. तिथे बिनकाट्याचे तुकडे मिळतात. खरं सांगायचं तर आमच्या मंडळातही बहुतेकांच्या घरी तेच येतात. कार्पला काटे फार.

खिडकीच्या कागदामागे बाई काहीतरी बोलत होत्या. कागद जाड होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटोखाली 'जमावाला अभिवादन करताना श्रीमती ड्युरबेक' असं छापून आलं, पण मी जवळ होतो. ते अभिवादन नव्हतं.

दुपारी मंडळाने नवा नमुना विक्रीस काढला: 'ड्युरबेक कार्प गाडी, खोक्यासकट, मर्यादित आवृत्ती'. खोक्यात गाडी, गाडीत बाई, आणि हे सगळं आणखी एका खोक्यात. अंधार पडायच्या आत जवळजवळ संपला. घेणाऱ्यांत कनवाळू माणसंही पुष्कळ होती. एका गृहस्थांनी मला सगळी हकीकत विचारून घेतली, मध्येमध्ये हसले, शेवटी त्यांचे डोळे पाणावले, अशी माणसं या जगात आहेत याची त्यांना लाज वाटली म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, उलट्या माशाचा एखादा उरलाय का.

तुम्हीही तेच विचारणार होतात. संकोच नको. तीन-चार शिल्लक आहेत, सील न फोडलेले.

फक्त घ्यायला येताना एक टोकदार पेन्सिल घेऊन या. बाईंना त्या मोठ्या खोक्याला एक भोक हवंय, हवेला. मागच्या बाजूला पाडलंत तरी चालेल, म्हणाल्या. किंमत उतरणार नाही असं.