हत्यारपेटीची बाराखडी

नीटनेटक्या माणसांविरुद्ध कायदा व्हायला हवा. चोर वस्तू नेतो, तेव्हा ती गेली एवढं तरी कळतं. नीटनेटका माणूस ती घरातच ठेवतो आणि ती कुणालाच सापडत नाही, शिवाय वर आपण त्याचे आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा! या गोष्टीतले कारकून अशांपैकीच. सतरा वर्षं रेकॉर्ड विभागात फायली लावून त्यांची ठाम समजूत झाली होती, की जगात जे काही बिघडलंय ते वर्णानुक्रमाने लावलं की सुधारतं.

त्यांची बायको एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला. यंत्रांचे शाफ्ट, पिना, बुश असली कामं, जिथे केसाच्या जाडीचा फरकही चालत नाही. सोमवारी सकाळी दहाला तिची परीक्षा होती. दोन तासांत एक शाफ्ट बरोबर मापात उतरवला, की ती टूलरूमची प्रमुख होणार. अकरा वर्षांत तिच्यामागून आलेले पाच जण तिच्या डोक्यावरून वर गेले होते. दर वेळी साहेब म्हणायचे, "बाई, तुमचा हात चांगलाय, पण..." (या 'पण'च्या पुढे काय, हे एकाही साहेबाला कधी सांगता आलं नाही.)

कारखान्याला रंग द्यायचा होता म्हणून शनिवारी तिने आपली हत्यारांची पेटी घरी आणली. रविवारी ती आईकडे मुक्कामाला गेली. "मी तिकडूनच कारखान्यात येईन. तुम्ही सकाळी स्कूटरवर पेटी तेवढी आणून द्या," असं जाताना म्हणाली.

कारकुनांनी पेटी उघडली ती फक्त बघायला. आत सात खण. एकेका खणात कानस, पट्टी, पाना, चिंध्या, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. त्यांना भरून आलं. बिचारी अकरा वर्षं या गोंधळात काम करते! परीक्षेच्या दिवशी तरी तिला सुख मिळावं, म्हणून ते बाह्या सरसावून बसले.

पहिल्या खणात क ते घ. मग च, छ, ज. असं करत 'म'मध्ये मायक्रोमीटर आणि मोगरी शेजारी-शेजारी आले. (नाजूक माप घेणारं यंत्र आणि ठोकायची मोगरी! पण कारकुनांच्या मते दोघांचं आद्याक्षर एक, म्हणजे विषय मिटला.) ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्या बावन्न वस्तू 'इतर'मध्ये गेल्या. प्रत्येकीला क्रमांक, क्रमांकांची वही. तिन्ही मायक्रोमीटरवर मळकट चिकटपट्ट्या होत्या. एकीवर 'दोन रेघा जास्त', दुसरीवर 'खोटारडा', तिसरीवर 'भरवशाचा'. असला बालिशपणा परीक्षकांपुढे शोभेल का? त्यांनी पट्ट्या खरवडून काढल्या आणि तिघांना चकचकीत पुसलं. आता तिघं तिळ्या भावांसारखे दिसू लागले.

सोमवारी पावणेदहाला पेटी लेथशेजारी ठेवून ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले. बायकोने न बघता, सवयीने दुसऱ्या खणात हात घातला. हातात छिन्नी आली. तिने तिसरा उघडला. मग चौथा. मग ती हळूच वळली.

"अहो, हे काय केलंत?"

"लावलं! कसं वाटतंय?"

"पट्ट्या कुठायत?"

"कुठल्या? त्या घाणेरड्या? काढल्या की!"

"यातला खरा कोण आणि खोटारडा कोण, हे आता मी ओळखू कसं?"

"अगं, पण यंत्र खोटं कशाला बोलेल?"

तिने डोळे मिटले. कारकुनांना वाटलं, ही आता रडणार. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नीटनेटकेपणाची भीती वाटली. ते हळूच दाराकडे सरकले.

"कुठे निघालात? इथंच उभं राहायचं. मी मागेन ते द्यायचं."

परीक्षकांनी घड्याळ लावलं. म्हातारा, जाड चष्म्याचा माणूस. पन्नास वर्षं लेथवर घालवलेला. ते खुर्ची ओढून जवळच बसले.

"मापाचा दांडा द्या," बायको म्हणाली.

"तो कसा दिसतो?"

"बोटाएवढा. पोलादी. काळ्या फडक्यात गुंडाळलेला असतो."

फडकं कारकुनांनी फेकून दिलं होतं, पण वही होती. घाम पुसत त्यांनी बोट फिरवलं. "इतर, एकोणचाळीस! सहावा खण, डावीकडे!" दांडा सापडला. त्याचं माप पक्कं पंचवीस मिलिमीटर. बायकोने तिन्ही मायक्रोमीटर त्यावर लावून बघितले, खऱ्यावर बोटाने ऑइलचा ठिपका दिला आणि लेथ सुरू केला. यात वीस मिनिटं गेली.

पुढचा सगळा वेळ असाच गेला. "मेलेल्या खेकड्यासारखं आहे ते द्या!" "इतर, अकरा!" "अहो, हा खेकडा नाही!" "मग सतरा?" एकदा त्यांनी कानशीऐवजी स्वतःचं पेन दिलं. दोनदा लेथच्या हँडलला त्यांचं कोपर लागलं. परीक्षक चष्मा पुसत राहिले. पाच मिनिटं उरली असताना शाफ्ट उतरला. परीक्षकांनी तो चार ठिकाणी मोजला, पुन्हा मोजला आणि ते उभे राहिले.

"बाई, चांगल्या हत्यारांनी कुणीही मापात उतरवतो. पण असा माणूस शेजारी उभा करून उतरवणं..." त्यांनी कारकुनांकडे बोट दाखवलं. "परीक्षा अशी अवघड करायची ही कल्पना तुमची?"

"त्यांचीच," बायको म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण हात कारकुनांच्या खांद्यावर होता.

ती टूलरूमची प्रमुख झाली. या वेळी साहेबांनी 'पण' म्हटलं नाही.

आठवड्याने परीक्षकांचं पत्र कारकुनांच्या कार्यालयात आलं. पुढच्या महिन्यात आणखी सहा उमेदवारांची परीक्षा आहे; तीही तितकीच अवघड व्हावी यासाठी आपल्या या कर्मचाऱ्याला एक दिवस पाठवाल का?

कारकुनांच्या साहेबांनी त्याच कागदावर शेरा मारला : "एकच दिवस का? तुम्हाला चालत असेल तर कायमचे पाठवतो."