डावा दिवा

आमचे शेजारी बाळूनाना गाडी चालवतात असं मी म्हणणार नाही. ते गाडी तपासतात, आणि वेळ उरलाच तर चालवतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमई आणायला निघालेले नाना पोचतात, तेव्हा कोळणी पाट्या धुवत असतात.

रोज सकाळी, कुठे जायचं असो वा नसो, अंगणातल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडतं. ऑइलची पट्टी पुसून, बुडवून, चष्म्यासमोर धरली जाते. चाकं झाली की स्टेपनीची हवा. मग वाकून गाडीखाली मांजर शोधायची. ऐन मे महिन्यात वायपरसुद्धा फिरतात.

"नाना, आभाळात ढग नाही हो!"

"मेल्या, ढग काय तुला सांगून येणार?"

एकदा मला स्टेशनवर सोडतो म्हणाले. यथासांग तपासणी झाली. आम्ही पोचलो तोवर माझी रेल्वे पुढचं संगमेश्वर स्टेशन गाठत असेल. वर मलाच विचारतात, "पण सुखरूप पोचलास की नाय?" कप्पाळ माझं!

शेवटी ब्रेकचे दिवे. हे काम एकट्याचं नाही. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. हा मान त्यांच्या बायकोचा, सुमनकाकींचा. आणि काकी नुसतं 'लागला' म्हणून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "लागला! आणि तुमच्या लागला-लागल्यात तिकडे दूध उतू गेलं! उठा आता!" नानांची चूक सापडली की काकींचा दिवस सोन्याचा जायचा.

गेल्या वर्षी काकींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, नाहीतर जीभ अशीच राहील. आम्ही सगळे जाऊन बडबडायचो. काकी नुसत्या बघायच्या.

नाना मात्र रोज त्यांना गाडीमागे खुर्चीत बसवायचे आणि ब्रेक दाबून ओरडायचे, "लागला काय गो?" काकी गप्प. पुन्हा तेच. कुंपणापलीकडून मला ऐकवेना. एकदा मीच ओरडलो, "लागला, नाना!"

"तुला विचारलं कोणी?" नाना असे भडकले की मी घरात पळालो. म्हटलं, म्हातारा कामातून गेला. त्या बिचारीला उगाच छळतोय.

परवा नानांचा आवाज जरा जास्तच चढला होता. "दोन्ही लागले ना गो? लागलेच असणार! माझ्या गाडीत खोट? शक्यच नाय!"

काकींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ओठ वाकडे झाले, मान हलली. "ना... नाय!"

"काय नाय? लागलेत!"

"डा... डावा! डावा नाय!"

"तुला दिसत नाय!"

"नाय लागला! डावा!"

मी कुंपणावरून उडी मारून धावलो. नाना ब्रेकवर पाय तसाच ठेवून, स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडत होते. मागून काकींचं 'डावा, डावा' चालूच. माझेही डोळे भरून आले.

"नाना, बल्ब गेला असेल. आत्ता बाजारातून आणतो."

नानांनी खिशातून बल्ब काढून दाखवला. चांगला शाबूत होता.

"मीच काढलाय रे. माझं बरोबर आहे म्हणायला ती तोंड उघडील होय? चूक दिसली तर उघडील."

"मग आता बसवू?"

"बसव," नाना डोळे पुसत म्हणाले. "उद्या उजवा काढू."