अण्णांकडे अडकलेल्या वाट्या

आमच्या खाली राहणारे तुकोजीअण्णा आमटी आधी चाखत नाहीत, हुंगतात. वाटी नाकाशी धरून, डोळे बारीक करून फौजदारी आवाजात विचारतात, "ह्यात गूळ हाय?"

"असणारच! आम्ही पुण्याचे."

"मग मराठी कशावरनं? आमच्या आमटीत गूळ नाय!"

ऐका! यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात. जेवायला नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, आमटीत बुडवून न चावता गिळायचे. आणि मराठीपणाचा दाखला आम्ही द्यायचा? आम्ही इथे एचएसआर लेआउटमध्ये राहायला आल्यापासून हाच छळ. हॉटेलातलं गोड सांबार मात्र यांना चालतं. "ते सांबार. त्याची जातच गोड," म्हणतात.

बरं, एवढी नावं ठेवून "स्वल्प बघतो" म्हणत वाटी घरी नेतातच. गेलेली वाटी परत येत नाही! माझ्या लग्नातली, नाव कोरलेली वाटी गेली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हातारा मोडीत घालतो की काय? नवरा म्हणाला, "जाऊ दे गं." याच्या बापाचं काय जातंय!

रविवारी तरातरा खाली गेले. दार उघडंच होतं. ओट्यावर माझ्या सगळ्या वाट्या, घासूनपुसून पालथ्या घातलेल्या. चोर मुद्देमालासकट सापडला! अण्णा घामाघूम होऊन गॅसपाशी उभे, घरभर करपट वास.

"अण्णा, माझ्या वाट्या?"

ते ओशाळले. "रिकामी वाटी परत देत नाय आमच्यात. भरून धाडायची. भरणारी बायको तर तुम्ही यायच्या आधीच गेली. मी करतो रोज, तिच्यासारखी होत नाय. असली कशी धाडू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आणि माझी आमटी कशाला नेता मग?"

"ती खाल्ली की हिची आठवण येते. का ते कळंना. बघा जरा, ह्यात काय कमी हाय?"

मी चमचाभर चाखली. नाकातोंडातून धूर निघाला.

"गूळ, अण्णा."

"छे! मला संशय यायचा, पण ती शपथ घ्यायची. कणभर नाय म्हणायची!"

मी वर जाऊन गुळाचा खडा आणला आणि त्यांच्यादेखत आमटीत टाकला. उकळी आली. अण्णांनी वाटी नाकाशी धरली, हुंगली, एक घोट घेतला. मग भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे वळून भरल्या डोळ्यांनी म्हणाले,

"म्हणजे घालत होतीस! लबाड कुठली!"